खोलीत कोण कोण होतं?

मागच्या अंकात पुन्हा एकत्र आलेल्या बँडविषयी लिहिताना मी म्हटलं होतं, की जुन्या रॉक बँडचा खूप वर्षांनी आलेला अल्बम हातात पडला की आधी रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीत कोण कोण होतं ते बघा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या महिन्याचं सदर त्यांनाच देऊन टाकलं आहे. काही पत्रं चिडून लिहिलेली आहेत. ती मी दोनदा वाचली, कारण चिडणारा माणूस गाणं मन लावून ऐकलेला असतो. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलं आहे, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न: तुम्ही भाबडेपणाने लिहिता. सत्तरी ओलांडलेली माणसं पुन्हा अल्बम काढतात ते पैशासाठी. हे सरळ का लिहीत नाही?

पैसाच हवा असेल तर अल्बम हा फार लांबचा रस्ता आहे. मोठ्या बँडची खरी कमाई दौऱ्यांतून होते. रोलिंग स्टोन्सच्या २००५ ते २००७ या दौऱ्याने ५५ कोटी ८० लाख डॉलर मिळवले. त्या दौऱ्याला आलेली माणसं कशासाठी आली होती? चाळीस वर्षांपूर्वीच्या गाण्यांसाठी. नवं गाणं सुरू झालं की मैदानातली अर्धी माणसं पाणी प्यायला उठतात, आणि हे बँडला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

ईगल्सचंच बघा. १९९४ मध्ये ते पुन्हा एकत्र आले, चार नवी गाणी केली, बाकी सगळी जुनी मैफलीत वाजवली आणि पुढे वर्षानुवर्षं दौरे केले. तसंच चालू ठेवलं असतं तरी कुणी जाब विचारला नसता. तरी ते नव्या गाण्यांना बसले आणि २००७ मध्ये 'लाँग रोड आउट ऑफ ईडन' हा दोन डिस्कचा अल्बम आणला. त्याआधीचा पूर्ण स्टुडिओ अल्बम १९७९ चा, म्हणजे मध्ये अठ्ठावीस वर्षं गेली. २००७ च्याच डिसेंबरात लेड झेपेलिन लंडनच्या ओ-टू सभागृहात एका रात्रीसाठी एकत्र आले, अप्रतिम वाजवलं आणि थांबले. पुढे ना दौरा, ना अल्बम. दौऱ्याचे पैसे तर समोर मांडून ठेवलेले होते.

अल्बम काढणं म्हणजे आपल्या जुन्या कामाशेजारी नवं काम स्वतःच्या हाताने नेऊन ठेवणं. तुलना होणार, आणि बहुतेक वेळा नव्याच्या विरोधात जाणार, हे माहीत असताना जो बँड ते करतो त्याला मी निदान पूर्ण एकदा शांतपणे ऐकते. पैसा त्यातही असतोच. तो डीप पर्पलच्या 'मशीन हेड' या गाजलेल्या अल्बमच्या वेळीही होता.

प्रश्न: मी या प्रकारचे अल्बम कधी ऐकलेले नाहीत. एकच सांगा, कुठून सुरुवात करू?

डीप पर्पलचा 'परफेक्ट स्ट्रेंजर्स', १९८४. मला यात विचार करावा लागत नाही.

आधीचं थोडं सांगते, नाहीतर त्याचं मोल कळणार नाही. इयन गिलनचा आवाज, रिची ब्लॅकमोरची गिटार, जॉन लॉर्डचा ऑर्गन, रॉजर ग्लोव्हरचा बेस आणि इयन पेसचे ड्रम्स, या पाच जणांनी १९७० ते १९७३ या तीनचार वर्षांत आपलं मोठं काम करून ठेवलं. 'मशीन हेड' त्यांनी १९७१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी रेकॉर्ड केला. जिथे रेकॉर्डिंग ठरलं होतं तो कसिनो आगीत गेला होता, म्हणून हिवाळ्यासाठी बंद असलेल्या हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये वाद्यं मांडली आणि रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ, म्हणजे रेकॉर्डिंगची यंत्रं बसवलेला ट्रक, बाहेर उभा केला. १९७३ मध्ये गिलन आणि ग्लोव्हर बाहेर पडले. १९७६ मध्ये बँडच मोडला.

१९८४ मध्ये पाचही परत आले तेव्हा कुणी रिकामा बसलेला नव्हता. ब्लॅकमोर आणि ग्लोव्हर यांचा रेनबो जोरात होता. लॉर्ड व्हाइटस्नेकमध्ये होता, पेस गॅरी मूरबरोबर वाजवत होता आणि गिलन नुकताच ब्लॅक सबाथबरोबर एक अल्बम करून मोकळा झाला होता. ते अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात स्टो नावाच्या गावी गेले आणि पुन्हा फिरता स्टुडिओच मागवला. शहरातला एखादा झगमगीत स्टुडिओ त्यांना सहज मिळाला असता. पण हे पाच जण एका घरात राहून, एका जागी वाजवून चांगले वाजतात, हे त्यांना माँत्रोपासून माहीत होतं. निर्माता म्हणून ग्लोव्हर, म्हणजे घरचाच माणूस.

आता शीर्षकगीत लावा. सुरुवातीला फक्त ऑर्गन आहे. लॉर्ड आपला हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँप्लिफायरमधून काढायचा, त्यामुळे त्याला तो खरखरीत, रुंद आवाज येतो. देवळातला किंवा चर्चमधला ऑर्गन असा कधी ऐकू येणार नाही. मग पूर्ण बँड एकदम आत येतो. रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी ओळ, संथ आहे, जड आहे, आणि पेस तो घाईने पुढे ढकलत नाही. मधल्या भागात सगळे मिळून एकच वळणदार ओळ वाजवतात, जराशी अरबी वळणाची. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या गाण्यात गिटारचा सोलो नाही. ब्लॅकमोरसारखा गिटारवादक, ज्याच्या सोलोसाठी लोक तिकिटं काढायचे, तो बँडच्या पुनरागमनाच्या मुख्य गाण्यात सोलो घेत नाही, कारण गाण्याला त्याची गरज नाही. माझ्याकडे ध्वनिमुद्रण शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे गाणं ऐकवते आणि विचारते, यात कोण कुणासाठी जागा सोडतंय? ते सांगता आलं की त्यांना बँड मिक्स करता येतो, म्हणजे सगळ्यांचे आवाज तोलून एकत्र बसवता येतात.

अल्बम ब्रिटनमध्ये पाचव्या आणि अमेरिकेत सतराव्या क्रमांकापर्यंत गेला. केसांना फवारे मारून सिंथेसायझर वाजवायच्या त्या काळात ऑर्गन घेऊन आलेल्या बँडला हे यश सोपं नव्हतं.

याच पाच जणांचा पुढचा अल्बम, १९८७ चा 'द हाउस ऑफ ब्लू लाइट', लगेच पाठोपाठ ऐका. माणसं तीच, पण मला त्यात पाच वेगवेगळ्या खोल्या ऐकू येतात. गिटार स्वतःपुरती, आवाज स्वतःपुरता. १९८९ मध्ये गिलनला काढलं, मग परत आणलं, आणि १९९३ च्या नोव्हेंबरात ब्लॅकमोर चालू दौऱ्यातून कायमचा निघून गेला. तेव्हा माझ्या मागच्या अंकातल्या वाक्यात इतकी भर घाला: खोलीत कोण होतं हे बघा, आणि ते एकमेकांचं ऐकत होते का हेही बघा. एवढं सगळं अल्बमच्या कव्हरवरून कळत नाही, कानांनाच विचारावं लागतं.

प्रश्न: टोनी आयोमीचे रिफ आहेत, ऑझीचा आवाज आहे, गीझर बटलरचा बेस आहे. मग 'थर्टीन' हा अल्बम म्हणजे पूर्ण ब्लॅक सबाथ नाही असं तुम्ही कसं म्हणता? ड्रमर बदलल्याने एवढं काय बिघडतं?

हे चिडलेलं पत्र. प्रश्न रास्त आहे, त्यामुळे उत्तर नीट देते.

मूळ चौघांनी एकत्र येत असल्याचं ११ नोव्हेंबर २०११ रोजी जाहीर केलं. पुढच्या फेब्रुवारीत ड्रमर बिल वॉर्डने कराराच्या अटी मान्य नसल्याचं सांगून अंग काढून घेतलं. त्याच्या जागी निर्माता रिक रुबिनने रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचा ब्रॅड विल्क बसवला. जून २०१३ मध्ये अल्बम आला, ऑझीबरोबरच्या १९७८ च्या अल्बमनंतर पस्तीस वर्षांनी. ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक, अमेरिकेत तर त्यांच्या आयुष्यातला पहिलाच पहिला क्रमांक, शिवाय एका गाण्याला ग्रॅमी. आयोमीला २०१२ च्या सुरुवातीलाच लिम्फोमाचं, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाचं, निदान झालं होतं आणि उपचार घेत घेत त्याने हे रिफ वाजवले आहेत. त्याच्या वाजवण्यात एक क्षणही ढिलाई नाही. त्या माणसाविषयी मला अपार आदर आहे.

आता ड्रम्स. सबाथमध्ये गिटार आणि बेस बरेचदा एकच रिफ एकत्र वाजवतात. दोन वाद्यं एकाच ओळीवर असली की त्या ओळीला हालचाल कोण देणार? ड्रमर. बिल वॉर्ड जीन क्रूपासारख्या स्विंगच्या जमान्यातल्या जॅझ ड्रमरांवर वाढलेला. त्याचा ठेका घड्याळासारखा पडत नाही. तो गिटारच्या ओळीला उत्तर देतो, मध्येच रेंगाळतो, मध्येच धावत सुटतो, टॉमवर गडगडून परत येतो. पहिल्या अल्बममधलं शीर्षकगीत काढा आणि फक्त ड्रम्स ऐका. संथ भागात तो ठेका धरतच नाही, गिटारच्या दोन सुरांमधल्या पोकळीत बोलतो. तो अल्बम त्यांनी ऑक्टोबर १९६९ मध्ये लंडनला एका दिवसात रेकॉर्ड केला होता, म्हणजे ती सवय चौघांच्या अंगात किती मुरलेली होती ते बघा.

विल्क चांगला ड्रमर आहे. त्याचा ठेका सरळ, घट्ट, जमिनीला चिकटलेला असतो, आणि त्याच्या स्वतःच्या बँडमध्ये तोच हवा असतो. 'थर्टीन'मध्ये त्यामुळे रिफ उभा राहतो पण डोलत नाही. 'डॅमेज्ड सोल' या लांबलचक ब्लूजमध्ये, जिथे ऑझी माउथ ऑर्गन वाजवतो, सगळे जरा सैलावतात आणि माझ्या मते तेच अल्बममधलं सर्वांत जिवंत गाणं आहे. अल्बमच्या अगदी शेवटी पाऊस, गडगडाट आणि घंटा येतात, पहिल्या अल्बमची सुरुवात जशी होते तशाच. तिथे वॉर्ड नाही हे मला सहन होत नाही, एवढं स्पष्ट लिहिते.

५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानात चौघे शेवटी एकत्र वाजवायला उभे राहिले, वॉर्डसकट. २२ जुलैला ऑझी गेला. १९७८ नंतर त्या चौघांचा पूर्ण स्टुडिओ अल्बम झालाच नाही. तुम्ही 'थर्टीन'वर प्रेम करा, मीही तो लावते. पण त्यात एक खुर्ची रिकामी आहे.

प्रश्न: जुने अल्बम मी सलग दोन ऐकू शकतो. त्याच बँडचा नवा अल्बम अर्ध्यात बंद करावासा वाटतो. गाणी वाईट नसतात. माझं वय झालं का?

तुमचे कान उत्तम आहेत, दोष मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार गाण्यावर होणाऱ्या शेवटच्या कामात, आहे.

डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये आवाजाला एक छत असतं, त्यावर जाता येत नाही. नव्वदच्या दशकापासून प्रत्येकाला आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं वाजायला हवं होतं. छत तर वर सरकत नाही. मग काय करायचं? ड्रमचे ठोके, म्हणजे आवाजाची शिखरं, छाटायची आणि उरलेलं सगळं वर उचलायचं. याला लिमिटिंग म्हणतात. थोडं केलं तर गाणं घट्ट बसतं. जास्त केलं तर स्नेअर या ड्रमचा 'ठाप्' जाऊन 'थप' उरतो, हळू भाग आणि जोरकस भाग एकाच उंचीचे होतात आणि कानाला विसावा मिळत नाही. तुम्हाला जो शीण येतो तो त्याचा.

मेटॅलिकाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये हे इतकं झालं, की त्याच गाण्यांची गिटार हिरो या व्हिडिओ गेममधली आवृत्ती जास्त मोकळी वाजते हे श्रोत्यांनीच शोधून काढलं आणि अल्बम पुन्हा मिक्स करावा अशी मागणी हजारो सह्यांनिशी केली. मास्टरिंग करणाऱ्या इंजिनिअरनेही सांगितलं, की त्याच्याकडे आलेली मिक्सच आधीपासून तशी दाबलेली होती. 'थर्टीन'ही मला याच आजाराने ग्रासलेला वाटतो, आणि सत्तरच्या दशकातल्या हवेशीर रेकॉर्डिंगवर वाढलेल्या बँडच्या बाबतीत हे फार टोचतं.

आता यात कुणाचाच फायदा उरलेला नाही. स्ट्रीमिंग सेवा सगळी गाणी एका पातळीवर आणून वाजवतात. स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे १४ एलयूएफएस (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आहे. म्हणजे मोठं करून पाठवलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि छाटलेले ठोके तेवढे छाटलेलेच राहतात. घरी करून बघा: जुनं आणि नवं गाणं घ्या, दोन्हीत गायकाचा आवाज सारख्या उंचीवर येईल असा व्हॉल्यूम लावा आणि मग फक्त स्नेअर ऐका. ज्यात तो तुमच्याकडे उडी मारतो ते रेकॉर्डिंग निरोगी.

प्रश्न: 'चायनीज डेमोक्रसी' पुनरागमनात धरायचा का?

नाही. गन्स अँड रोझेसचे 'यूज युअर इल्यूजन' १९९१ चे, हा २००८ चा. मधल्या काळात जुन्यांपैकी ॲक्सल रोझ आणि कीबोर्डवाला डिझी रीड एवढेच उरले होते. बाकी गिटारवादक, ड्रमर, स्टुडिओ सतत बदलत राहिले. न्यूयॉर्क टाइम्सने २००५ मध्येच या अल्बमवर १ कोटी ३० लाख डॉलर खर्च झाल्याचं छापलं होतं, आणि तेव्हा तो बाहेर यायला अजून तीन वर्षं होती. काही गाणी सुंदर आहेत. एका हट्टी गायकाचा अल्बम म्हणून ऐका, नक्की आवडेल.

प्रश्न: मी गाते. वय वाढल्यावर हे गायक सूर उतरवून गातात, स्टुडिओत ओळीओळीने आवाज जोडतात. ही श्रोत्याची फसवणूक नाही का?

सूर उतरवण्यात फसवणूक कसली? वयाने स्वरयंत्रातल्या कूर्चा कडक होतात, स्वरतंतूंची लवचिकता कमी होते, दम कमी पडतो. वरचे सूर आधी जातात. खालच्या आणि मधल्या पट्टीत मात्र पुष्कळदा नवा दाणा येतो. शहाणा बँड नवी गाणी त्या पट्टीसाठी बांधतो. डीप पर्पलचा २०१३ चा 'नाऊ व्हॉट?!' ऐका. गिलन तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. निर्माता बॉब एझ्रिनने त्याला १९७० च्या किंकाळ्या मारायला लावलेल्या नाहीत. तो जवळ येऊन, जवळजवळ बोलल्यासारखा गातो आणि शब्द नीट पोचतात. आदल्याच वर्षी जॉन लॉर्ड गेला होता, अल्बम त्याला अर्पण केलेला आहे, आणि त्या आवाजात ते दुःख आहे. पंचविशीतल्या गिलनला हे गाता आलं नसतं.

तुकडे जोडण्याचं म्हणाल तर ते पूर्वीपासून चालतं, टेप कापूनसुद्धा करायचे. माझी अट एकच: श्वास ठेवा. दोन ओळींमधला श्वास काढून टाकला की माणूस नाहीसा होतो. काही नव्या अल्बमांत सत्तर वर्षांचा गायक चार ओळी श्वासच न घेता गातो. असं कुठे ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण तो श्वास ऐकायलाच तर आपण आलेलो असतो.

एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनचं उदाहरण वेगळं आहे. त्याचा आवाज शाबूत होता, कान चालले होते. २०१६ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं, मैफली थांबव, नाहीतर पूर्ण बहिरा होशील. तरी २०१८ मध्ये सत्तरीत तो व्हँकुव्हरच्या स्टुडिओत परत उभा राहिला. पुढचं उत्तर तिथे झालेल्या अल्बमपासूनच सुरू होतं.

प्रश्न: गेलेल्या माणसाचं जुनं रेकॉर्डिंग नव्या अल्बममध्ये वापरणं मला बरं वाटत नाही. तुमचं मत?

ज्याने त्याने आपापलं ठरवायचं असं म्हणून हात झटकणार नाही. माझं मत असं, की गेलेला माणूस कुठे आहे आणि कुठे नाही हे बँडने स्वच्छ सांगितलं पाहिजे. मग चालेल.

एसी/डीसीचा 'पॉवर अप' नोव्हेंबर २०२० मध्ये आला. माल्कम यंग तीन वर्षांपूर्वी गेला होता. त्याच्या ऱ्हिदम गिटारवर तो बँड उभा होता. जाड तारा, गेन कमी ठेवलेला अँप आणि उजव्या हाताचा पोलादी ठेका. अल्बमवर तो वाजवत नाही, त्याची गिटार त्याचा पुतण्या स्टीव्ही वाजवतो. पण माल्कम आणि त्याचा भाऊ अँगस यांनी वर्षानुवर्षं साठवलेल्या रिफ आणि कल्पना अँगसने बाहेर काढल्या आणि बाराही गाण्यांखाली माल्कम आणि अँगस अशी दोन्ही नावं आहेत. ड्रमर फिल रड परत आला, निवृत्त झालेला बेसवाला क्लिफ विल्यम्स परत आला. हे मला पूर्णपणे योग्य वाटतं. गाण्यांत नवीन काही नाही अशी तक्रार मी ऐकली आहे. भावाच्या वहीतली गाणी भावाने वाजवायची असताना नवीन काय हवं?

रोलिंग स्टोन्सच्या २०२३ च्या 'हॅकनी डायमंड्स'वर चार्ली वॉट्स दोन गाण्यांत आहे. तो ऑगस्ट २०२१ मध्ये गेला, ही रेकॉर्डिंग २०१९ मधली. बाकी बहुतेक गाण्यांत स्टीव्ह जॉर्डन आहे, जो वॉट्सनेच सुचवलेला माणूस. आता एक गोष्ट ऐकून बघा. वॉट्सची सवय अशी, की डाव्या हाताने स्नेअर मारताना उजवा हात हाय-हॅटवरून, म्हणजे ड्रम्सशेजारच्या झांजांच्या जोडीवरून, उचलायचा. त्यामुळे त्याच्या स्नेअरभोवती एक बारीकशी मोकळी जागा असते. 'लिव्ह बाय द सोर्ड'मध्ये ती जागा आहे. त्याच गाण्यात १९९३ मध्ये बँड सोडलेला बिल वायमन बेस वाजवायला आला आहे. म्हणजे जॅगर, रिचर्ड्स, वुड, वॉट्स आणि वायमन एका गाण्यात. पॉल मॅकार्टनीपासून लेडी गागापर्यंत पाहुण्यांची गर्दी त्या अल्बमवर आहे, काही ठिकाणी अँड्र्यू वॉटची निर्मिती मला जरा जास्तच चकचकीत वाटते, पण या एका गाण्यासाठी मी अल्बम जपून ठेवीन.

पिंक फ्लॉइडच्या 'दि एंडलेस रिव्हर'बद्दल मी तितकी आग्रही नाही. १९९३-९४ च्या सत्रांतून उरलेलं वादन, त्यात २००८ मध्ये गेलेल्या रिचर्ड राइटचे कीबोर्ड, आणि त्यावर गिलमोर व मेसन यांनी २०१३-१४ मध्ये केलेली भर. जवळजवळ सगळं नुसतं वादन. लपवाछपवी काहीच नाही, राइटला दिलेला निरोप म्हणून तो हळवा करतो. अल्बम म्हणून मात्र तो वाट चुकल्यासारखा फिरत राहतो.

प्रश्न: आमचा पाच जणांचा बँड होता, कॉलेजनंतर सुटला. आता सगळ्यांच्या घरी रेकॉर्डिंगची सोय आहे. नवी गाणी करायची ठरवतोय. फाइल एकमेकांना पाठवून करावीत का?

कृपा करून नको. निदान ड्रम्स, बेस आणि एक गिटार एकत्र वाजवा, एकमेकांचे चेहरे दिसतील असे बसून. गायकालाही तिथेच उभं करा, त्याचा आवाज नंतर पुन्हा घेता येतो, पण त्याच्याकडे बघून ड्रमर वेगळा वाजवतो. क्लिक ट्रॅक, म्हणजे कानात वाजणारा यांत्रिक ठेका, बंद ठेवा. तुमचा वेग कोरसमध्ये थोडा चढत असेल तर चढू दे, तो तुमचा आहे.

पहिले काही दिवस यंत्र चालू करू नका, नुसतं वाजवा. जुन्या चालींच्या कॅसेट पडल्या असतील तर त्या ऐका. व्हॅन हेलनने २०१२ च्या अल्बमसाठी आपल्या सत्तरच्या दशकातल्या डेमोंमधल्या कितीतरी चाली काढून नव्याने बांधल्या आणि त्या गाण्यांचा दम ऐकण्यासारखा आहे.

आणि बाहेरचा एक माणूस बसवा, ज्याला 'हे गाणं जमत नाहीये' असं तुमच्या तोंडावर म्हणता येईल. एरोस्मिथचे मूळ पाच जण परत आल्यावर १९८५ चा 'डन विथ मिरर्स' पडला. मधल्या काळात ते नशेतून बाहेर आले आणि १९८७ च्या 'पर्मनंट व्हेकेशन'साठी ब्रूस फेअरबेर्नसारखा निर्माता आणि डेस्मंड चाइल्डसारखे बाहेरचे गीतकार त्यांनी खोलीत येऊ दिले. तिथून त्यांची दुसरी खेळी सुरू झाली. तुमच्या पाच जणांत जो सगळ्यात हट्टी असेल त्यानेच हा सहावा माणूस निवडावा, म्हणजे पुढे त्याला त्याचं ऐकावं लागेल.

ड्रम्सवर चार माइक पुरतात: किक, स्नेअर आणि वर दोन. दोन्ही वरचे माइक स्नेअरपासून सारख्या अंतरावर ठेवा, दोरीने मोजून. कच्चं रेकॉर्डिंग मिक्सिंगला देण्याआधी मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा, लिमिटर न लावता.